रापी हरवली तेव्हा जो खाली बसला

आमच्या छापखान्यात करुणा आली ती एका बुधवारी, सकाळी अकरा वाजता, तीन मोटारींतून. पहिलीत संस्थेच्या अध्यक्षबाई होत्या, दुसरीत फोटो काढणारे. तिसरीत, दोन कार्यकर्त्यांच्या मधोमध, अंग चोरून तो बसला होता. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्याला सर्वांत शेवटी उतरवलं, कारण तोवर कॅमेरा तयार नव्हता. उतरल्यावर पुन्हा आत बसवून पुन्हा उतरवलं. पहिल्या वेळी तो खाली बघत होता म्हणे.

अध्यक्षबाईंनी व्यवस्थापकांच्या हातात त्याचा हात दिला, लग्नात मुलगी सोपवावी तसा. 'हात धरा, हातकडी नको' हे संस्थेचं घोषवाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. आमचे व्यवस्थापक तो हात फोटो होईपर्यंत धरून राहिले आणि नंतर खोलीत जाऊन साबणाने धुऊन आले. मी भांडार सांभाळतो. साबणाची नवी वडी त्यांनी माझ्याकडूनच मागवली.

त्याने माणूस मारला होता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी झाकपाक केली. तो गोदामात हमाल होता. जिन्यात पाण्याच्या पिंपावरून शेजाऱ्याशी जुंपली, शेजारी शिवी देऊन अंगावर आला, याने ढकललं. शेजारी अकरा पायऱ्या खाली गेला आणि उठला नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली. आठ वर्षं आत काढली, वागणूक चांगली राहिली, पुस्तकबांधणी शिकला, म्हणून उरलेली दोन वर्षं बाहेर काढायची सवलत मिळाली. अट अशी की दोन वर्षं एका ठिकाणी नोकरी टिकली पाहिजे आणि कुणाची तक्रार येता कामा नये. तक्रार आली आणि खरी ठरली, तर पुन्हा आत, आणि ती दोन वर्षं पहिल्या दिवसापासून. त्याच्या मानेवर टांगलेलं होतं ते एवढंच. बाकीची भाषणं त्याच्या कामाची नव्हती.

बांधणी विभागात त्याला मागच्या बाकावर बसवलं. दुपारच्या चहापर्यंत त्याचं नाव जावईबापू पडलं. सरकारचा जावई, आता आमच्याकडे नांदायला आलेला. नाव ठेवलं कटिंग मशीनवाल्याने. हा माणूस कागद कापताना अर्धा इंच इकडे तिकडे करतो, पण दुसऱ्याला नाव ठेवताना एक केसभर चुकत नाही.

"या जावईबापू, या! सासरी काय मिळायचं जेवायला?"

"वरण, भाकरी."

"आणि भांडी?"

"आपली आपण घासायची."

"मग हे कसलं हो सासर! आमची बायको बरी."

सगळे हसले. तोही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. आधी हसायची त्याची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी पाच वाजता सगळे घंटेआधीच दारात गोळा झाले होते. हा माझ्या खिडकीपाशी आला. फडक्यावर दोन सुया, एक टोचा आणि रापी मांडून उभा राहिला. रापी म्हणजे चामडं पातळ तासायची रुंद पात्याची सुरी. जाड रजिस्टरांचे कोपरे आम्ही अजून चामड्याचे करतो, त्यासाठी ती लागते.

"तपासून घ्या साहेब."

"इथे तशी पद्धत नाही. बाकावर ठेवून जा."

"मग मी जाऊ कसा?"

"दारातून."

तो हलला नाही. मला वाटलं आगाऊपणा करतोय. नीट पाहिलं तेव्हा कळलं की हत्यारं कुणाच्या ताब्यात न देता दाराबाहेर पाऊल टाकायची त्याच्या पायांना सवयच राहिलेली नाही. मी एक कोरी वही काढली, तारीख घातली, चार वस्तू लिहिल्या आणि सही केली. त्याने शेजारी आपली सही केली आणि गेला. तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. खरं सांगायचं तर मला तो आवडला. पस्तीस वर्षं मी या लोकांना सांगत आलोय की वस्तू घेताना नोंद करा, देताना नोंद करा. ऐकलं ते शेवटी एका खुन्याने.

संस्था दर महिन्याला एक छापील पत्रक पाठवायची. ते भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि माझं अक्षर बरं. त्यात प्रश्न होते. लाभार्थी पश्चात्ताप व्यक्त करतो का? नेहमी, कधीकधी, की विचारल्यावर? लाभार्थ्याचा चेहरा प्रसन्न असतो का? सहकाऱ्यांनी त्याला आपलंसं केलं आहे का? पहिल्या महिन्यात मी खरं लिहिलं: पश्चात्ताप विचारला नाही, चेहरा खळीच्या भांड्यात असतो, सहकारी डबा कुलपात ठेवतात. पत्रक परत आलं, सोबत चिठ्ठी: 'कृपया सकारात्मक भरावे.' पुढे मी तिन्ही ठिकाणी फुल्या मारत गेलो. करुणेचं काम फुल्यांवर भागत असेल तर आपलं काय जातं?

तो थोरल्या बहिणीकडे राहायचा. ती दवाखान्यात आया होती. बहिणीचा नवरा, म्हणजे याचे भाऊजी, याच्याशी थेट बोलत नसत. "तुझ्या भावाला सांग, दिवा बंद कर," असं ते बायकोला सांगत आणि हा समोरच बसलेला असे. हे मला त्याच्या ताईनेच एकदा सांगितलं. विसरलेला डबा द्यायला ती आली होती.

"साहेब, नोकरी टिकेल ना हो याची? दोन वर्षं. मग मी मेले तरी चालेल."

"काम चांगलं करतो."

"काम तो आधीपासून चांगलंच करायचा. डोकं तेवढं एकदाच फिरलं बघा मेल्याचं!"

मावशी तेवढ्या त्याच्याशी धड वागायच्या. छापलेल्या कागदांच्या घड्या घालणाऱ्या या बाई आमच्याकडे सर्वांत जुन्या. पण त्याही पर्स मांडीवर घेऊन बसत. विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्यामुळे नाही हो, मशीनवाल्यामुळे." ते खरं असण्याचीही शक्यता आहे.

सात महिने झाले. संस्थेला देणग्या हव्या होत्या, म्हणून देणगीदारांना यशस्वी लाभार्थी दाखवायचा बेत ठरला. शुक्रवारी दुपारी तीनला अध्यक्षबाई, त्यांचे तरुण सचिव आणि नऊ देणगीदार आले. व्यवस्थापकांच्या खोलीत सन्मानचिन्हांचं खोकं उतरवलं गेलं. सचिव इकडून तिकडे धावत होते. अध्यक्षबाई बाकांमधून फिरत सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगत होत्या, "हाच तो. भीती नको. आता अगदी गरीब झालाय."

एका देणगीदारीणबाईंनी त्याला विचारलं, "कसं वाटतं तुम्हाला?"

"खळ पातळ झाली आहे जरा," तो म्हणाला.

मग फोरमनला वाटलं, पाहुण्यांना चामड्याचं काम दाखवावं. त्याने हात पुढे केला. "रापी दे रे."

तो वळला. बाकावर रापी नव्हती. त्याने पुठ्ठे उचलून पाहिले, फडकं झटकलं, बाकाखाली वाकला. मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. घामाने भिजला होता.

"रापी कुठंय?" फोरमन ओरडला. पाहुण्यांसमोर फोरमनचा आवाज नेहमीपेक्षा दुप्पट होतो.

आणि तो खाली बसला. होता तिथेच, फरशीवर, मांडी घालून, दोन्ही हात डोक्यावर.

विभागात कुणी हलेना. तो मात्र मान वळवून सगळ्यांकडे बघायला लागला आणि घाईघाईने म्हणाला, "मावशी, बसा खाली. बसा सगळे. उभं राहू नका. शिट्टी होईल आता. सापडेपर्यंत कुणी उभं राहायचं नाही!"

आता विचार करा. सुरी गायब, खुनी समोर, आणि तो सांगतोय की खाली बसा, कुणी उभं राहायचं नाही. एक देणगीदार, चांगले धिप्पाड गृहस्थ, खरोखरच खाली बसले. देणगीदारीणबाईंनी गळ्यातलं काढून मुठीत लपवलं. हात धरायला सांगणाऱ्या अध्यक्षबाई सर्वांत आधी दाराबाहेर पोचल्या. त्यांच्या वयाला तो वेग कौतुकास्पदच होता. मशीनवाला मशीनच्या मागे. व्यवस्थापक फोनवर, "हल्ला झाला, हल्ला!" तो मात्र डोक्यावर हात ठेवून फरशीकडे बघत बसला होता.

पोलीस शिपाई आले. त्याने न सांगता हात पुढे केले. मी खिडकीतच उभा होतो. मला काय वाटलं तेही लिहितो: मला वाटलं, यानेच घेतली. सात महिने ज्याच्या शेजारी रोज सही केली त्या माणसाविषयी मला हे वाटायला एक मिनिटही लागलं नाही. दुसऱ्यांना नावं ठेवायला माझ्याकडे जागा आहे ती इतकीच.

तक्रारीत व्यवस्थापकांनी लिहिलं, 'धारदार हत्यार लपवून उपस्थितांना धमकी देऊन जमिनीवर बसण्यास भाग पाडले.' अध्यक्षबाईंनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्या तेव्हा आवारातल्या मोटारीत होत्या, पण साक्ष द्यायला तिथे असावंच लागतं असं कुठे आहे?

मंगळवारी व्यवस्थापकांच्या खोलीतून सन्मानचिन्हांचं रिकामं खोकं भांडारात जमा झालं. रिकामी खोकी माझ्याकडे यावीत हा माझा जुना नियम आहे आणि त्यावरून मला भरपूर चिडवलं जातं. मी कागदाच्या कातरणात हात घालून तळ तपासला आणि बोट कापलं. रापी होती. पात्याला खोक्यावरच्या चिकटपट्टीचा तुकडा अजून चिकटलेला.

मी संस्थेत फोन लावला. सचिव आनंदाने म्हणाले, "हो हो, मीच घेतली होती. कात्री सापडेना, बाकावर ही दिसली. काय मस्त धार आहे हो!"

"तिच्यामुळे तुमचा माणूस आत गेला."

"अरे बापरे! म्हणजे ती ही होती? मला वाटलं तुम्ही दुसऱ्याच सुरीबद्दल बोलताय."

व्यवस्थापकांपुढे मी रापी ठेवली. त्यांनी आधी दार लावलं.

"हे बघा, सापडली ते चांगलंच झालं. पण त्याने धमकी दिली ती दिलीच ना?"

"त्याने धमकी दिली नाही. तो बसा म्हणाला."

"खुनी माणूस बसा म्हणतो ती धमकीच. तुम्हाला निवृत्तीला किती महिने राहिलेत?"

"अकरा."

"मग?"

या 'मग'ला काय उत्तर असतं ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. मी रापी आणि खोकं दोन्ही घेऊन सवलतीवर सुटलेल्यांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. आवाज बसलेला, वैतागलेला माणूस. वीस वर्षं तुरुंगात नोकरी करून या टेबलावर आलेला. मी शुक्रवारी घडलं ते शब्दाला शब्द सांगितलं. 'शिट्टी होईल' हे म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"असं म्हणाला? शिट्टी होईल?"

"हो."

"तक्रारीत हे नाही." त्याने तक्रारीचा कागद बाजूला सारला. "आत कारखान्यात सुई जरी हरवली ना, तरी शिट्टी होते. सगळे जागच्या जागी खाली, हात डोक्यावर. सापडेपर्यंत. जो उभा राहतो त्याच्यावर पहिला संशय. त्याच्या पाठीवर पहिला दांडका." मग म्हणाला, "तुम्हाला वाचवत होता हो तो. आणि तुम्ही सगळे उभे!"

गुरुवारी त्याच अधिकाऱ्याच्या खोलीत आम्ही जमलो. तो, त्याची ताई, मी आणि अध्यक्षबाई. व्यवस्थापकांना ऐन वेळी पोटदुखी झाली. अध्यक्षबाईंनी एक पत्र टाइप करून आणलं होतं आणि चेहऱ्यावर क्षमा. ती त्या घरूनच लावून आल्या होत्या.

"आम्ही मोठ्या मनाने याला क्षमा करायची ठरवली आहे," त्या म्हणाल्या. "संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच एका माणसाला तिसरी संधी देत आहोत. याने फक्त खाली सही करायची."

पत्रात लिहिलं होतं की लाभार्थ्याच्या हातून घडलेल्या प्रकाराबद्दल त्याला खेद आहे, आणि संस्था व छापखाना तक्रार मागे घेत आहेत.

मी म्हणालो, "बाई, रापी तुमच्या सचिवांनी घेतली. तक्रार चुकीची होती एवढंच लिहा ना."

"तसं कसं लिहिणार? देणगीदार काय म्हणतील?"

अधिकाऱ्याने त्याला सरळ शब्दांत समजावलं. सही केलीस तर आज संध्याकाळी घरी. पण अटीचा भंग एकदा झाला अशी नोंद राहील, दोन वर्षं नव्याने मोजली जातील, आणि पुन्हा कुणी बोट दाखवलं तर विचारपूस न होता आत. सही केली नाहीस तर चौकशी होईल. या साहेबांचा जबाब आहे, खोकं आहे. पण समोर व्यवस्थापकांचा जबाब आहे, बाईंची साक्ष आहे. निकाल लागेपर्यंत आतच राहावं लागेल. उलटा लागला तर दोन वर्षं.

"आणि सुलटा लागला तर?" त्याने विचारलं.

"तर काहीच झालं नाही. सात महिने सात महिनेच राहतील."

"कर सही!" ताई म्हणाली. "मेल्या, कर. कोण वाचतंय ते पत्र? घरी चल."

त्याने पत्र हातात घेतलं. त्याला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून ओळ ओळ वाचली. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, मग पेनचं टोपण काढून पेन त्याच्यापुढे धरलं.

"यात माझ्या हातून घडलं असं आहे," तो म्हणाला.

"ती फक्त लिहायची पद्धत असते," बाई म्हणाल्या.

"बाई, मी माणूस ढकलला. तो मेला. तेव्हा मला वकील म्हणाले, सांग की त्याचा पाय घसरला. मी सांगितलं नाही. मी ढकलला होता. त्याची आठ वर्षं माझी आहेत, ती मी काढली." त्याने पत्र टेबलावर ठेवून हाताने सपाट केलं. चामडं सपाट करायची त्याची ती पद्धत होती. "हे माझं नाही."

"म्हणजे तुम्हाला क्षमा नको?" बाईंचा आवाज खरोखर दुखावला होता. एवढी चांगली वस्तू कुणी परत करतं हे त्यांना नवीन असावं.

"तुम्ही ज्याची क्षमा करताय ते ज्याने केलं त्याला द्या. गाडीत बसले असतील ते."

सचिव गाडीतच बसले होते.

अधिकाऱ्याने तोंडावर फाइल धरली. ताई कपाळाला हात लावून खाली टेकली. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, खुर्चीवर बस. इथे शिट्टी नाही." मग त्याने अधिकाऱ्याला चौकशीच्या कागदावर सही कुठे करायची ते विचारलं.

एकोणीस दिवस लागले. मला दोनदा जबाबाला बोलावलं. मावशींनाही बोलावलं. त्यांनी पर्स घट्ट धरून सांगितलं, "तो मला हाक मारून बसा म्हणाला, साहेब. जीव घ्यायला निघालेला माणूस मावशी म्हणेल का?" मशीनवाल्याने सांगितलं की त्याला मशीनमागून काही दिसलं नाही. त्याच्या आयुष्यातला हा पहिला अचूक जबाब असावा. सचिवांना शेवटी लेखी द्यावं लागलं की कात्री सापडेना म्हणून रापी त्यांनी घेतली. अध्यक्षबाईंच्या साक्षीला अधिकाऱ्याने एकच प्रश्न जोडला: 'आपण त्या वेळी कुठे होता?' उत्तर आलं नाही.

विसाव्या दिवशी निकाल आला. एकच ओळ. अटीचा भंग झालेला नाही. नोकरीत घेण्यास छापखान्याने टाळाटाळ केल्यास कारण लेखी कळवावे. कारण लेखी कळवणं हा आमच्या व्यवस्थापकांचा पिंड नव्हे. त्यांनी मुकाट्याने बाक साफ करायला सांगितलं.

त्याच्या सुटकेचा कागद छापखान्यातर्फे घेऊन जायला कुणी तयार होईना, म्हणून मी गेलो. या वेळी एकही मोटार नव्हती. फाटकाबाहेर ताई उभी होती. तो बाहेर आला तशी तिने सुरुवात केली.

"एकोणीस दिवस! एका सहीसाठी! लोक काय काय सह्या करतात दिवसभर! तुझे भाऊजीच बघ, सह्याच करतात कचेरीत, कशावर करतात त्यांना तरी ठाऊक आहे का?"

"नाही, ताई."

"आणि मी इथे रोज मरतेय. उलटा लागला असता म्हणजे?"

"दोन वर्षं होती."

"होती म्हणे! सांगतोय कसा, बाजाराला जाऊन येतो म्हटल्यासारखा. घरी आल्यावर बोलू नकोस माझ्याशी. आणि ते म्हणालेत, आल्यावर मला भेटायला सांग त्याला."

तो चालता चालता थांबला. "कोण? भाऊजी?"

"मग कोण? पहिल्यांदाच तुझं नाव घेतलं त्यांनी. चांगलं मोठ्याने घेतलं."

"शिव्या देतील."

"देऊ दे की," ताई म्हणाली. "तुला तरी देतील. सात महिने तुझ्या शिव्या मलाच ऐकाव्या लागल्यात."